छायाखंभ ते छायाचित्र : भंडारा जिल्ह्यातील छायाचित्र-संग्रह आणि नामलेखाचा प्रश्न

१. विषयाची मांडणी

मराठीच्या अभ्यासक्षेत्रात लिखित साधनांचा विचार जितक्या आस्थेने झाला, तितका दृश्य साधनांचा झालेला नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून घरोघरच्या दप्तरांत पडून असलेला कागद हे संशोधनाचे मूलभूत साधन होय, ही जाणीव महाराष्ट्रात रुजली. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ (१९२७) ही या जाणिवेची संस्थात्मक रूपे होत. परंतु ज्या घरांतून कागदांची दप्तरे बाहेर आली, त्याच घरांच्या भिंतींवर विसाव्या शतकात चौकटी लागल्या आणि त्यांत छायाचित्रे बसली. त्या चौकटींकडे मात्र साधन म्हणून पाहिले गेले नाही. त्यांकडे घरातील एक वस्तू म्हणूनच पाहिले गेले.

इतिहासाच्या अभ्यासकाने छायाचित्र वापरावे, हे आता कोणी नाकारत नाही. प्रश्न आहे तो भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकाचा. छायाचित्रात शब्द नसतात. मग मराठीच्या विद्यार्थ्याने त्यात काय वाचायचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात शोधण्याचा प्रयत्न केला आहे. छायाचित्र शब्दांशिवाय फारसे टिकत नाही. ते टिकते ते त्याच्या खाली, मागे आणि भोवती असलेल्या शब्दांमुळे, अशी लेखाची मांडणी आहे. हे शब्द, म्हणजेच छायाचित्राचा नामलेख, हा मराठीच्या अभ्यासकाचा हक्काचा विषय आहे. तो आज नोंदवला गेला नाही, तर चौकटीतील चेहरा शिल्लक राहूनही माणूस नाहीसा होईल.

२. शब्दांचा प्रवास : तसबीर, फोटो, छायाचित्र

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाली आणि थोड्याच काळात मुंबईस पोहोचली. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली, आणि तिच्या सुरुवातीच्या काळातील एतद्देशीय छायाचित्रकारांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचे नाव घेतले जाते. कला नवी असली तरी तिला नाव देताना मराठीने आधी जुनाच शब्द वापरला. 'तसबीर' हा अरबीतून आलेला शब्द मराठीत चित्र, प्रतिमा या अर्थाने रूढ होता. मोल्सवर्थच्या कोशात तो नोंदवलेला आहे. घरातल्या देवाची तसबीर, राजाची तसबीर आणि पुढे मृत वडिलांची तसबीर असा त्याचा विस्तार होत गेला. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातून १८९४ नंतर देवदेवतांची रंगीत चित्रे घराघरांत गेली. त्यामुळे एकाच भिंतीवर, एकाच प्रकारच्या चौकटीत देवाची आणि माणसाची प्रतिमा शेजारी आली. भाषेने दोघांनाही तसबीरच म्हटले.

'फोटो' हा शब्द बोलीत रुळल्यावर त्यासोबतची क्रियापदे लक्षणीय ठरतात. फोटो 'काढला' जातो, तसेच तो 'उतरवला'ही जातो. 'काढणे' हे क्रियापद रांगोळी, अक्षर, चित्र यांच्याशी जोडलेले आहे. 'उतरवणे' हे क्रियापद पोथी किंवा मजकूर नकलून घेण्याशी जोडलेले आहे. म्हणजे सामान्य मराठी भाषकाच्या मनात छायाचित्र एकाच वेळी रेखाटन आणि नक्कल अशा दोन्ही रूपांत होते. फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, हा एकेकाळी सर्वत्र आढळणारा समजही या 'उतरवणे' क्रियेशी सुसंगत आहे. एकाकडून दुसरीकडे काही उतरते, तेव्हा मूळ ठिकाणी ते तितके उरत नाही, अशी ती कल्पना आहे.

'छायाचित्र' हा संस्कृतनिष्ठ पर्याय त्या मानाने नवा आणि लेखी व्यवहारातला. परंतु भंडारा जिल्ह्याच्या अभ्यासकासाठी त्यातील 'छाया' या पदाला अनपेक्षितपणे प्राचीन पार्श्वभूमी लाभली आहे. जिल्ह्यातील पवनी येथे महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ सापडला. त्यावरील ब्राह्मी लेखात त्या स्तंभास 'छायाखंभ' म्हटले आहे. मृताची स्मृती राखण्यासाठी उभारलेल्या अशा स्तंभांना 'छायास्तंभ' म्हणण्याची प्रथा दक्षिणेत नागार्जुनकोंडा येथेही आढळते. येथे छाया म्हणजे केवळ सावली नव्हे; गेलेल्या माणसाची मागे राहिलेली प्रतिमा असा तिचा अर्थ आहे. विसाव्या शतकात 'छायाचित्र' हा शब्द घडवणाऱ्यांच्या मनात पवनीचा स्तंभ असण्याचे कारण नाही, आणि दोन शब्दांत वंशपरंपरा आहे असेही म्हणता येणार नाही. तथापि प्रतिमा ही स्मृतीची वस्तू असते आणि तिच्यासोबत नाव कोरलेले असावे लागते, ही जाण या भूमीत किती जुनी आहे, ते या स्तंभावरून दिसते. रूपिअम्माचे नाव स्तंभावर कोरलेले नसते, तर तो स्तंभ केवळ एक दगड उरला असता.

३. पवनीची शिल्पे : प्रतिमा आणि नामलेख यांचे साहचर्य

वैनगंगेच्या काठावरील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या सहकार्याने उत्खनन झाले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा वृत्तांत सिद्ध केला व तो १९७२ मध्ये विद्यापीठाने प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाच्या वेदिकेचे कोरीव स्तंभ त्या वेळी प्रकाशात आले. त्यांवर ब्राह्मी लिपीतील लहान लेख आहेत. दान देणाऱ्यांची नावे त्यांत येतात. मुचलिंद नागाच्या शिल्पावर तर त्या नागाचेच नाव कोरलेले आहे.

या शिल्पांत बुद्ध मानवी रूपात दाखवलेला नाही. तो प्रतीकांतून सूचित होतो. म्हणजे ज्याच्यासाठी शिल्प घडवले तो दृश्यात अनुपस्थित आहे, आणि प्रसंग कोणता हे कळण्यास नामलेख साहाय्यभूत होतो. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याने १९६४ मध्ये लिहिलेल्या प्रतिमेच्या वक्तृत्वशास्त्रावरील निबंधात चित्रासोबतच्या मजकुराची दोन कार्ये सांगितली आहेत. चित्राचे अनेक संभाव्य अर्थ तरंगत असतात. त्यांपैकी एकास नांगराप्रमाणे स्थिर करणे हे पहिले कार्य, आणि चित्रात नसलेला आशय पुरवून कथन पुढे नेणे हे दुसरे. पवनीच्या नामलेखात ही दोन्ही कार्ये दिसतात. नागाचे नाव प्रसंग स्थिर करते. दात्याचे नाव चित्रात मुळीच नसलेल्या एका माणसाला चित्राच्या इतिहासात आणून बसवते.

उत्खनन-वृत्तांतातील छायाचित्रांचाही येथे विचार करावयास हवा. उत्खनन ही अशी क्रिया आहे, की ती करताना थरांची मूळ रचना कायमची मोडते. त्यामुळे वृत्तांतातील छायाचित्र हा त्या रचनेचा एकमेव दृश्य पुरावा असतो. तो पुरावा म्हणून स्वीकारला जातो, कारण प्रत्येक छायाचित्राखाली स्थळ, खड्डा, थर आणि मोजपट्टी यांची नोंद असते. पुरातत्त्वात ज्या शिस्तीने दगडाच्या छायाचित्राखाली नोंद केली जाते, त्या शिस्तीने माणसाच्या छायाचित्राखाली ती केली गेली काय, हा पुढील प्रश्न आहे.

४. वसाहतकालीन संग्रह : नमुना आणि व्यक्ती

एकोणिसाव्या शतकात भारतातील लोकसमूहांची छायाचित्रे पद्धतशीरपणे जमवण्याचा उद्योग सुरू झाला. फॉर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा संग्रह १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. मध्य प्रांतापुरता विचार केला, तर रॉबर्ट व्हेन रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ (लंडन, १९१६) सर्वांत महत्त्वाचा ठरतो. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतात होता आणि रसेल यांनी १९०८ च्या भंडारा जिल्हा गॅझेटिअरचेही संपादन केले होते. गोंड, कोहळी, गोवारी, पोवार अशा या भागातील समूहांवरील माहितीसाठी आजही अभ्यासकास या ग्रंथाकडे वळावे लागते.

या ग्रंथातील छायाचित्रांखालील ओळी लक्षपूर्वक वाचल्या, तर एक व्यवस्था स्पष्ट होते. प्रवासाला निघालेले गोंड, नृत्याच्या वेषातील गोंड, गोंदण दाखवणाऱ्या स्त्रिया असे त्या नोंदींचे स्वरूप आहे. जात किंवा जमात आणि क्रिया एवढेच सांगितले जाते. व्यक्तीचे नाव बहुधा नसते. कॅमेऱ्यासमोर जी स्त्री उभी राहिली, तिला नाव होते, गाव होते, नातेवाईक होते. छायाचित्राने तिचा चेहरा घेतला आणि नोंदीने तिचे नाव सोडून दिले. उलट त्याच ग्रंथात रतनपूरच्या बिंबाजी भोसल्यांच्या पुतळ्याचे छायाचित्र आहे आणि त्याखाली नाव आहे. दगडी पुतळ्यास नाव आणि जिवंत माणसास जात, असा हा व्यवहार आहे.

ग्रंथाचा मजकूर मात्र याच्याशी पूर्णपणे जुळत नाही, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. कोहळ्यांवरील प्रकरणात नवेगावचा प्रचंड तलाव बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळी याची आख्यायिका येते. तो पुढे कोलासुर देव झाला, त्याचे ठाणे तलावाभोवतीच्या डोंगरावर आहे, आणि सात बहिणी नावाच्या शिखरदेवतांनी रात्री येऊन पाळीच्या कामात त्याला मदत केली, असे लोकांनी सांगितलेले तेथे नोंदवले आहे. (हा तलाव १ मे १९९९ रोजी झालेल्या जिल्हाविभाजनानंतर गोंदिया जिल्ह्यात समाविष्ट झाला.) म्हणजे लोककथेने आपला माणूस नावानिशी राखला होता आणि तो नावानिशीच ग्रंथात उतरला. नाव गमावले ते कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिलेल्यांनी. मौखिक परंपरा आणि यांत्रिक प्रतिमा यांतील हा फरक साहित्याच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. जी परंपरा अविश्वसनीय मानली जाते तिने नाव जपले. जे यंत्र विश्वसनीय मानले जाते त्याला नाव जपता आले नाही.

मराठी साहित्यातील व्यक्तिचित्र या प्रकाराशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) या संग्रहातील व्यक्तिचित्रांची शीर्षके 'धर्मा रामोशी', 'शिवा माळी' अशी आहेत. त्यांत जातही आहे. परंतु ती नावामागून येते. वाचक आधी धर्माला भेटतो, आणि त्याच्या दारिद्र्यातून व स्वाभिमानातून त्याच्या समूहाच्या स्थितीकडे जातो. जातिवर्णनपर छायाचित्रात हा क्रम उलटा असतो. वाचक आधी समूहाला भेटतो आणि व्यक्तीपर्यंत पोहोचतच नाही. एकाने व्यक्तीतून समाज दाखवला, तर दुसऱ्याने समाजाचा नमुना म्हणून व्यक्ती वापरली. व्यक्तिचित्र आणि नमुनाचित्र असा भेद करून या दोन प्रवृत्तींना नावे देता येतील. शब्दचित्र, व्यक्तिचित्र, स्मृतिचित्र या मराठी समीक्षेतील संज्ञा चित्रकलेतून घेतलेल्या आहेत. त्या संज्ञांनी मिळवलेली समज आता चित्रांच्या वाचनाकडे परत वळवण्यास हरकत नाही.

५. चौकटीच्या मागील मजकूर

जिल्ह्यातील घरे, शाळा, नगरपरिषदा, सहकारी संस्था आणि जुनी छायाचित्रालये यांमधील संग्रहांचे स्वरूप याहून वेगळे आहे. क्रिस्तोफर पिनी यांनी 'कॅमेरा इंडिका' (१९९७) या ग्रंथात माळव्यातील नागदा या लहान गावातील छायाचित्रालयांचा अभ्यास करून दाखवले आहे, की सरकारी नजरेतून काढलेली छायाचित्रे आणि लोकांनी स्वतःच्या इच्छेने काढवून घेतलेली छायाचित्रे यांचे व्याकरण निराळे असते. दुसऱ्या प्रकारात माणूस आपल्याला कसे पाहिले जावे हे स्वतः ठरवतो. रंगवलेला पडदा, कठड्याचा खांब, फुलदाणी, मागून घेतलेला कोट, हातातील घड्याळ ही सर्व त्या इच्छेची साधने होत. अशा छायाचित्रास 'खोटे' म्हणणे हे नाटकातील वेषास खोटे म्हणण्यासारखे आहे.

या छायाचित्रांच्या मागे किंवा पुठ्ठ्यावर लिहिलेला मजकूर हा मराठी गद्याचा एक दुर्लक्षित लघुप्रकार आहे. त्याचे घटक ठरलेले असतात : नाव, नाते, प्रसंग, तिथी वा तारीख, गाव आणि क्वचित भेट देणाऱ्याचे नाव. त्यातील उपपदे तर कालनिर्णयाची साधनेच आहेत. 'चि. सौ. कां.' हे उपपद विवाहाचा प्रसंग सांगते; 'सौ.' पती हयात असल्याचे सांगते, 'गं. भा.' वैधव्य सांगते, 'कै.' मृत्यू सांगते. अनेकदा मूळ नाव एका शाईत आणि 'कै.' दुसऱ्या शाईत, दुसऱ्या हस्ताक्षरात आढळते. याचा अर्थ त्या लेखाचे दोन थर आहेत. पहिला थर व्यक्ती जिवंत असतानाचा, दुसरा तिच्या निधनानंतर कुटुंबातील दुसऱ्या कोणी घातलेला. विदर्भातील आंबेडकरी बौद्ध कुटुंबांत 'कैलासवासी' याऐवजी 'कालकथित' असे लिहिले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर ज्या कुटुंबांनी आपल्या वडीलधाऱ्यांच्या नावामागील उपपद बदलले, त्यांच्या चौकटीवरील हा एक शब्द म्हणजे सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज होय. संग्रहकाराने सोयीसाठी सर्वत्र 'कै.' असे लिहून टाकले, तर तो इतिहास पुसला जाईल.

स्त्रियांच्या नामलेखाचा प्रश्न विशेष बिकट आहे. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची प्रथा असल्यामुळे एकच स्त्री माहेरच्या छायाचित्रात एका नावाने आणि सासरच्या छायाचित्रात दुसऱ्या नावाने येते. दोन संग्रह वेगवेगळ्या गावांत असतील, तर ती दोन स्त्रिया म्हणून नोंदवली जाण्याचा संभव असतो. समूहचित्रात तर पुरुषांची नावे ओळीने आणि स्त्रियांचा उल्लेख 'घरातील मंडळी' असा होतो. रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथातील स्त्रीचे नाव परक्या सत्तेने वगळले असे म्हणता येते. येथे ते घरानेच वगळले. नमुनाचित्राची प्रवृत्ती केवळ वसाहतकालीन नाही, हे मान्य केल्याशिवाय हा अभ्यास प्रामाणिक होणार नाही.

भाषेच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. भंडारा हा झाडीबोलीचा प्रदेश. या बोलीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'र' येतो. प्रमाण मराठीतील 'डोळा' तेथे 'डोरा' होतो. साकोली येथील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आणि येथील लोककलांचा जो अभ्यास केला, त्यामुळे ही वैशिष्ट्ये अशुद्धे नसून बोलीचे नियम आहेत, हे अभ्यासकांच्या ध्यानात आले. छायाचित्रामागील मजकुरात अशी रूपे आढळली तर ती जशीच्या तशी उतरवून घ्यावयास हवीत. औपचारिक लेखनात बोली क्वचितच शिरते. घरगुती नोंदीत ती शिरते. म्हणून या नोंदी बोलीच्या लेखी रूपाचे दुर्मीळ नमुने ठरू शकतात.

६. झाडीपट्टीची रंगभूमी आणि छायाचित्र

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टीत दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारी नाटके यांची जिवंत परंपरा आहे. दिवाळीनंतर धान निघू लागते, गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात आणि त्यांच्या निमित्ताने नाटके लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. मधल्या काळात पटाचे निमित्त नाहीसे झाले. या प्रकारची खंडितता छापील संहितेत दिसत नाही. ती प्रयोगांच्या पत्रकांत आणि छायाचित्रांत दिसते.

दंडार व खडी गंमत यांची संहिता बव्हंशी मौखिक असते. कलावंताने कोणते शब्द उच्चारले ते ऐकणाऱ्याच्या स्मरणात राहते. परंतु प्रयोगाची रचना, वादकांची जागा, स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाची वेशभूषा, प्रेक्षकांचे बसणे, प्रकाशाचे साधन या गोष्टी स्मरणातून लवकर पुसतात. येथे छायाचित्र हे संहितेचे पूरक असते. एका छायाचित्रात नट जमिनीवर उभे असतील आणि दुसऱ्यात उंच मंचावर, एकात कंदील असेल आणि दुसऱ्यात विजेचा दिवा, तर प्रयोगाच्या स्वरूपातील बदलाचा क्रम लावता येतो. परंतु ही तुलना करण्यासाठी गाव आणि साल ठाऊक असावे लागते. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाचे नाव नसेल, तर ते छायाचित्र पाहणारा पुढील पिढीतील वाचक त्यास स्त्री समजेल, आणि रंगभूमीवर स्त्रियांचा प्रवेश कधी झाला याविषयी चुकीचा निष्कर्ष काढील. नामलेखाच्या अभावी छायाचित्र केवळ मुके होत नाही. ते चुकीची साक्ष देऊ लागते.

७. बुडीत गावे आणि सार्वजनिक स्मृती

या विषयास भंडारा जिल्ह्यात विशेष निकड आहे, ती वैनगंगेमुळे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पवनी तालुक्यातील गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाच्या जलाशयामुळे भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे विस्थापित झाली. पुनर्वसित वसाहतीत घर मिळते. परंतु जुन्या गावाचा पार, देवळासमोरील पटांगण, नदीचा घाट आणि शाळेची पडवी पुन्हा मिळत नाही. ती जागा उरते ती लग्नाच्या आणि शाळेच्या समूहचित्रांत, माणसांच्या मागे, अभावितपणे. छायाचित्रकाराचे लक्ष नवरानवरीकडे असते. आज मोल आहे ते त्यांच्यामागील भिंतीला. बुडालेल्या गावाचा भूगोल अशा छायाचित्रांच्या पार्श्वभूमीतून जुळवता येतो. मात्र ती भिंत कोणत्या घराची, तो पार कोणत्या आळीतला, हे सांगणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरात भंडारा शहराचा काही भाग आणि नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. पुरात धान्य, भांडी, कपडे यांची हानी मोजली जाते आणि तिची भरपाईही ठरते. भिंतीवरील चौकटीची नोंद कोणत्याही पंचनाम्यात नसते.

सार्वजनिक जीवनातील छायाचित्रांचीही स्थिती फारशी वेगळी नाही. १९५४ च्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्यीय होता. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. त्यांचा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभव झाला. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. अशा प्रसंगाच्या छायाचित्रात मध्यभागी असलेल्या नेत्याची ओळख पटवण्यास कोणाची मदत लागत नाही. अडते ते कडेला उभ्या असलेल्या माणसांपाशी : सतरंजी अंथरणारा, गावोगावी सायकलवरून निरोप पोहोचवणारा, सभेत गाणे म्हणणारा शाहीर. त्यांची नावे ग्रंथांत नाहीत. ती सांगू शकणारे कुटुंबीय आहेत. नेत्याच्या छायाचित्रास नामलेखाची गरज सर्वांत कमी असते आणि नामलेख बहुधा त्यालाच मिळतो, हा या साधनाचा विरोधाभास आहे.

८. नोंदीची पद्धती

वरील विवेचनावरून संग्रह आणि नोंद यांसंबंधी काही सूत्रे निष्पन्न होतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यात त्यांचा उपयोग व्हावा.

पहिले सूत्र असे, की मूळ वस्तू शक्यतो ज्या घरची तिथेच राहू द्यावी आणि तिची प्रत घ्यावी. प्रत पुढील आणि मागील अशा दोन्ही बाजूंची असावी. मागील बाजू ही रिकामी असली तरी ती रिकामी असल्याची नोंद करावी. समूहचित्र पुठ्ठ्यासह उतरवावे, कारण छायाचित्रालयाचे नाव आणि गाव बहुधा पुठ्ठ्यावर असते.

दुसरे सूत्र, मूळ मजकूर आणि संग्रहकाराची माहिती यांची सरमिसळ होऊ नये. मूळ मजकूर जसा आहे तसा, बोलीरूपांसह आणि उपपदांसह द्यावा. शाई किंवा हस्ताक्षर बदलले असेल तर तसे नमूद करावे. हस्तलिखितांच्या पाठसंपादनात जी शिस्त पाळली जाते तीच येथे लागू आहे. तीन ओळींचा मजकूर आहे म्हणून ती शिथिल होत नाही.

तिसरे सूत्र, माहिती कोणी सांगितली आणि सांगणाऱ्याचे छायाचित्रातील व्यक्तीशी नाते काय, हे लिहावे. मुलाने सांगितलेले वडील आणि सुनेने सांगितलेले सासरे हे एकच असले तरी त्यांच्या आठवणी एक नसतात. दोन कथने विसंगत असतील तर दोन्ही ठेवावीत. स्त्रीच्या नोंदीत माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे द्यावीत.

चौथे सूत्र संमतीचे आहे. घरातील छायाचित्र ही कुटुंबाची ठेव असते. कोणते चित्र अभ्यासकांस दाखवावे आणि कोणते प्रसिद्ध करावे, हे कुटुंबाने ठरवायचे असते. ज्यांची नावे एकदा न विचारता वगळली गेली, त्यांची छायाचित्रे आता न विचारता छापणे हा त्याच अन्यायाचा दुसरा प्रकार होईल.

पाचवे सूत्र जतनाचे आहे. धानाच्या आणि तलावांच्या या प्रदेशात पावसाळ्यातील दमट हवा कागदास बुरशी आणते. छायाचित्र काचेला थेट चिकटू देऊ नये; पुठ्ठ्याची कड मध्ये ठेवावी. मागील बाजूस लिहायचे असल्यास मऊ पेन्सिलीने कडेला लिहावे. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते. चिकट पानांच्या अल्बममधील डिंक काळानुसार छायाचित्र खराब करतो. रंगीत छायाचित्रांतील रंग कृष्णधवल छायाचित्रांच्या मानाने लवकर उडतात, म्हणून १९७० नंतरच्या रंगीत चित्रांची प्रत आधी घ्यावी. जुने ते आधी, हा स्वाभाविक वाटणारा क्रम येथे उपयोगाचा नाही.

९. निष्कर्ष

भंडारा जिल्ह्याशी संबंधित प्रतिमांचा हा मागोवा तीन गोष्टी दाखवतो. पवनीचे नामलेख आणि छायाखंभ यांवरून प्रतिमा व नाव यांचे साहचर्य या भूमीत प्राचीन आहे हे दिसते. वसाहतकालीन संग्रहांनी ते साहचर्य तोडून व्यक्तीचा नमुना केला. घरगुती संग्रहांनी ते पुन्हा जोडले, परंतु स्त्रिया आणि कडेची माणसे यांच्या बाबतीत ते अपुरेच राहिले. आणि नामलेख नसलेले छायाचित्र निरुपयोगी ठरते एवढेच नव्हे, तर ते दिशाभूलही करते.

राजवाड्यांच्या पिढीसमोर प्रश्न होता तो कागद वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी मिळवण्याचा. कागद सापडला की मजकूर कागदातच असे, त्यामुळे उशीर झाला तरी वाचन शक्य होते. छायाचित्राची गोष्ट निराळी आहे. त्याचा मजकूर बहुतांशी कागदावर नसून माणसांच्या स्मरणात आहे. छायाचित्र शंभर वर्षे टिकेल. त्यातील डावीकडून तिसरा कोण हे सांगणारी आजी तितकी टिकणार नाही. जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाने परिसरातील एका गावाची, आणि शक्य असेल तेथे आधी विस्थापित गावाची, छायाचित्रे नामलेखासह नोंदवली, तर भाषा, लोकरंगभूमी आणि सामाजिक स्मृती या तिन्ही अंगांनी अभ्यासाचे एक नवे साधन उपलब्ध होईल. या कामास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. चौकट भिंतीवरून उतरवून मागील बाजू पाहणे, आणि शेजारी बसलेल्या वृद्ध माणसास एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारणे, एवढ्यानेच त्याची सुरुवात होते.